भिंतीतली गळती: नोव्हेंबर ते एप्रिल, एका एल्बोपायी

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सासूबाईंच्या खोलीतलं कपाट मागून झाडायला म्हणून पुढे ओढलं आणि भिंतीकडे बघून झाडू हातात तसाच राहिला. खालून वीत-दीड वीत उंचीपर्यंत रंग फुगून पोपडे आलेले, पोपड्यावर बोट दाबलं की आतून पांढरी भुकटी सांडायची, आणि कपाटाच्या मागच्या प्लायला कुबट वास. भिंतीपलीकडे बाथरूम. म्हटलं झालं, टाईल्सचे जॉइंट गेले असणार, दुसरं काय.

हे प्रकरण संपलं एप्रिलमध्ये. मधल्या पाच महिन्यांत खरी दुरुस्ती किती होती म्हणाल तर दोन दुपारी. बाकी सगळा वेळ गळती नक्की कुठे आहे ते शोधण्यात, आणि त्याआधी जे बिघडलंच नव्हतं ते दुरुस्त करण्यात गेला. मी प्लंबर वगैरे काही नाही, घरात पान्यांचा सेट आहे आणि तो नवऱ्यापेक्षा मी जास्त वापरते एवढंच. ज्यांच्याकडे अशीच भिंत फुगलीय आणि रात्री झोपताना डोक्यात तेच चालू असतं त्यांच्यासाठी लिहितेय. तारखा देतेय कारण नंतर नंतर एक वही ठेवली होती, आणि खरं सांगायचं तर पान्यापेक्षा ती वहीच जास्त कामाला आली.

तर पहिली चूक. १ आणि २ डिसेंबरला मी बाथरूमचे सगळे जॉइंट कोरून काढले आणि एपॉक्सी ग्राउट (फटी बुजवायचा मसाला) भरलं. गुडघे सोलले, बोटांना चिकटलेलं ग्राउट चार दिवस निघालं नाही, आणि बाथरूम इतकं छान दिसायला लागलं की काम झालंच असं सगळ्यांना वाटलं. नशीब एवढंच की त्याच दिवशी मी ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून बाजूला तारीख टाकली होती. हे तुम्ही पहिल्याच दिवशी करा, फुकटचं काम आहे. २० डिसेंबरला बघितलं तर ओल रेघेच्या वर दोन बोटं गेलेली.

मग एक प्लंबर येऊन बघून गेले. त्यांचं म्हणणं, आतली लाईन गेलीय, कुठे ते सांगता येणार नाही, ती अख्खी भिंत टाईल्ससकट उघडावी लागेल आणि लाईन नवीन टाकावी लागेल, आठ-दहा दिवस धरा. आकडा ऐकून आम्ही "घरी बोलून कळवतो" म्हणालो. नंतर मला कळलं की निदान त्यांचं बरोबरच होतं, फक्त जागा शोधायला रोज रात्री येऊन बसणं त्यांना परवडणार नव्हतं. मला परवडत होतं.

६ जानेवारीला पाण्याचं बिल आलं. आम्हाला महिन्याला साधारण १४ युनिट लागतात, यावेळी २१. आमच्या बिलात एक युनिट म्हणजे १००० लिटर. म्हणजे महिन्याला सात हजार लिटर पाणी कुठेतरी चाललंय आणि मी टाईल्सच्या फटी बुजवत बसलेय! टाईल्सच्या फटीतून जाणारं पाणी हे आपण ओतलेलं पाणी असतं, बाथरूम वापरलं तेवढंच ते झिरपतं आणि वापर थांबला की थांबतं. मीटरवर ते वेगळं दिसणारच नाही. बिल वाढलं म्हणजे पाणी नळाच्या लाईनमधून, दिवसरात्र, कोणी वापरत नसतानाही जातंय. हा विचार मी नोव्हेंबरमध्येच केला असता तर गुडघे वाचले असते.

तरी मनात आशा होती की मीटरच खराब असेल (आशा काय, कशालाही लागते). ८ जानेवारीला पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेले. अर्ज, मागच्या सहा बिलांच्या झेरॉक्स, मीटरचा फोटो. फोटोत रीडिंग दिसत होतं पण मीटरचा नंबर दिसत नव्हता म्हणून परत पाठवलं, १२ तारखेला दुसरी चक्कर. जाणार असाल तर रीडिंग आणि नंबर दोन्ही एकाच फोटोत येतील असा काढा आणि अर्जाच्या तुमच्या प्रतीवर तारखेसकट शिक्का मागून घ्या, तो नंतर लागतोच. १९ तारखेला माणूस आला, त्याने खुणा असलेल्या भांड्यात मोजून पाणी घेतलं आणि मीटरशी पडताळलं. मीटर एकदम ओके. लेखी उत्तरही मिळालं: मीटरच्या पुढची गळती ही ग्राहकाची जबाबदारी. वाईट वाटलं पण नियम सगळीकडे साधारण हाच असतो.

त्या माणसाने जाता जाता एक गोष्ट मात्र दाखवली त्याबद्दल त्याचे आभार. मीटरच्या तबकडीवर आकड्यांच्या बाजूला एक छोटंसं लाल चक्र असतं, दात्यांचं. अगदी थोडं पाणी गेलं तरी ते फिरतं. आमच्याकडे मीटरमधून पाणी आधी वरच्या टाकीत जातं आणि टाकीतून घरात येतं. त्याने टाकीत येणारी लाईन वर बंद करायला लावली आणि आम्ही दोघं चक्राकडे बघत उभे. हललं नाही. म्हणजे मीटर ते टाकी हा भाग ठीक, गळती टाकीनंतर. ज्यांच्या घरात पाणी मीटरमधून थेट नळाला येतं त्यांना तर हे सोपंच आहे, सगळे नळ बंद करून चक्राकडे बघायचं, फिरत असेल तर गळती आहे.

आमच्याकडे मधे टाकी असल्यामुळे घरातली गळती मीटरवर लगेच दिसत नाही, ती टाकीतच मोजावी लागते. हे जमेल का अशी शंका होती पण गणित शाळेतलंच आहे. टाकी गोल, आतला व्यास मोजला तर ११० सेंटीमीटर. म्हणजे त्रिज्या ५५, तिचा वर्ग गुणिले ३.१४, साधारण ९५०० चौरस सेंटीमीटर. म्हणजे पाण्याची पातळी एक सेंटीमीटर उतरली की साडेनऊ लिटर गेले. रात्री दहाला टाकीत येणारी लाईन बंद, घरातल्यांना नळाला हात लावू नका म्हणून दम, रात्री लागेल त्यासाठी बादली भरून ठेवलेली, आणि मी टॉर्च आणि टेप घेऊन गच्चीवर. काठापासून पाण्यापर्यंत मोजायचं, वहीत लिहायचं, सकाळी सहाला परत. थंडीत हे काम करताना शेजारच्या गच्चीवरून एकाने विचारलंच, काय हो, चोर शिरला का. नवरा याला वेधशाळा म्हणायला लागला.

२२ जानेवारीची रात्र: ७ सेंटीमीटर. आठ तासांत ६६ लिटर, दिवसाचे जवळजवळ २०० लिटर, महिन्याचे सहा हजार. बिलातल्या सातशी जमतंय की! आकडे जुळले ना की अर्धी भीती जाते, मला तरी गेली.

२३ तारखेला फ्लश टँक तपासला. खरं तर हे अगदी आधी करायचं असतं. फ्लशच्या टाकीत शाईचे आठ-दहा थेंब टाकले, हात न लावता वीस मिनिटं थांबले, आणि खाली भांड्यात बघितलं तर निळसर ओघळ. आतला रबरी वॉशर कडक होऊन वाकडा झाला होता, तो बसूनही नीट बसत नव्हता. नवीन वॉशर, दहा मिनिटांचं काम. मला वाटलं संपलं! २४ च्या रात्री उड्या मारत गच्चीवर गेले आणि सकाळी मोजलं तर ४ सेंटीमीटर. म्हणजे गळत्या दोन होत्या, एक सापडली, दुसरी अजून आहे. मोजलं नसतं तर मी तिथेच थांबले असते आणि भिंत आपली फुगत राहिली असती.

पुढचं काम म्हणजे एकेक लाईन बंद करून बघणं. आमच्या टाकीखाली तीन व्हॉल्व्ह आहेत: स्वयंपाकघर, बाथरूम आणि बाहेरचा नळ. २५ च्या रात्री फक्त बाथरूमचा बंद केला. सकाळी १ सेंटीमीटर उतरलेलं. आता याचा अर्थ काय काढायचा? अजून तिसरी गळती? दिवसभर डोकं खाल्लं. मग साधी गोष्ट सुचली, तो व्हॉल्व्ह बंद ठेवून बाथरूमचा नळ उघडला, तर पाच मिनिटांनीसुद्धा करंगळीएवढी धार चालूच. जुना गेट व्हॉल्व्ह, पूर्ण बसतच नव्हता. तेव्हा कुठलाही व्हॉल्व्ह बंद करून निष्कर्ष काढायच्या आधी तो खरंच बंद होतो का ते बघा.

२७ ला तो व्हॉल्व्ह उघडा ठेवला आणि फक्त गीझरला पाणी जातं तिथला अँगल कॉक (भिंतीतून बाहेर आलेला छोटा नळ) बंद केला. सकाळी टेप लावली. शून्य. पुन्हा लावली. शून्य. गच्चीवर एकटीच हसत होते. म्हणजे गळती गरम पाण्याच्या लाईनमध्ये, गीझरच्या पुढे. आणि मग आठवलं की विजेचं बिलसुद्धा दोन महिने जरा जास्त येत होतं, आम्ही थंडीच्या नावावर खपवलं होतं.

पण गीझरपासूनची गरम लाईन भिंतीतून बेसिनला आणि शॉवरच्या मिक्सरला (गरम-गार पाणी एकत्र करणारा नळ) जाते, सगळी मिळून तीन-साडेतीन मीटर. कुठे फोडू? स्क्रूड्रायव्हरचं टोक टाईलला आणि मूठ कानाला लावून ऐकायचं असं ऐकून होते. रात्री दोन वाजता घर शांत असताना केलं. मला फक्त माझ्याच छातीची धडधड ऐकू आली. टाकीच्या पाण्याला दाब कमी असतो त्यामुळे एवढ्या बारीक गळतीचा आवाज येतच नाही बहुतेक, दाबाचा पंप असता तर आला असता.

आणि आता ज्यासाठी मला सगळ्यात जास्त लाज वाटते तो भाग. ३० जानेवारीला संध्याकाळी मी नवऱ्याला हे सगळं सांगत होते, गरम लाईन आहे पण जागा कळत नाही वगैरे, आणि सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं पण मी महिनाभर सांगतेय, सकाळी उठून पलंगावर टेकून बसते ना मी, तिथे भिंत कोमट असते. पाठीला बरा शेक बसतो."

सांगत होत्या. खरंच सांगत होत्या. आम्ही दोघं "हो का आई, बरंय मग" म्हणून पुढे जात होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे गीझर लावून तासभर थांबले आणि त्यांच्या पलंगामागच्या भिंतीवरून हात फिरवला, तळहात नाही, हाताची मागची बाजू, तिला फरक जास्त चांगला कळतो. जमिनीपासून साधारण तीन फुटांवर एक ताटाएवढा भाग स्पष्ट कोमट. मैत्रिणीकडून तापमानाची गन आणली, बाकी भिंत २३, तिथे ३०. (ही गन चकचकीत धातूवर धड आकडा देत नाही, रंगवलेल्या भिंतीवर मारा.) बाथरूमच्या बाजूने मोजलं तर बरोबर शॉवरच्या मिक्सरच्या गरम पायामागे (पाय म्हणजे मिक्सर भिंतीतल्या लाईनला जोडणारा तुकडा). आणि ओल दिसत होती तिथून हे दोन फूट बाजूला आणि अडीच फूट वर! पाणी विटांच्या आतल्या सांध्यांतून वाट काढत खाली उतरतं आणि जिथे अडेल तिथे बाहेर येतं. पोपडे होते तिथे फोडलं असतं तर नुसत्या ओल्या विटा सापडल्या असत्या.

फोडायचं कुठून हा प्रश्न उरला. बाथरूमच्या बाजूने सोपं, पाईप टाईलच्या मागे लगेच असतो, पण त्या टाईल्स आता मिळत नाहीत आणि मी नुकतंच तिथे ग्राउट भरलेलं. म्हणून खोलीच्या बाजूने ठरवलं. आमची ती भिंत चार इंची विटांची आहे, नुसती आडभिंत, तिच्यावर कसलाही भार नाही, जवळ कॉलम किंवा बीम नाही, हे आधी नीट खात्री करून घेतलं. काँक्रीट असेल तर हात लावू नका, जाणकाराला विचारा. दुसरं म्हणजे वीज. त्या भिंतीवर तीन फुटांवर स्विचबोर्ड आहे, आणि बोर्डाची वायर सहसा त्याच्या सरळ वर किंवा खाली गेलेली असते, तो पट्टा पूर्ण सोडला आणि तरीही खोलीचा एमसीबी (वीज तोडणारं बटण) पाडूनच काम केलं. ओली भिंत आणि वीज, यात विषाची परीक्षा नको.

७ फेब्रुवारीला दुपारी पलंग, कपाट बाहेर, सासूबाई हॉलमध्ये, दाराला जुनी चादर ओली करून लावलेली. चष्मा, मास्क, छन्नी, हातोडा. प्लास्टर ओल्या पुठ्ठ्यासारखं सुटून आलं. विटा फोडू नका, विटेच्या चारी बाजूंचा सिमेंटचा सांधा छन्नीने कोरा, मग वीट हलवून अख्खी बाहेर येते आणि आतल्या पाईपला धक्का बसत नाही. मला पहिल्या विटेला पाऊण तास लागला, दुसरीला वीस मिनिटं. दुसरी काढली आणि आत टॉर्च मारला.

शिवायच्या दोऱ्याएवढी धार. जराही आवाज न करता एल्बोच्या (पाईप काटकोनात वळवणारा तुकडा) तोंडाजवळून निघून मागच्या सिमेंटवर टेकून खाली जात होती, आणि जिथून जात होती तिथे क्षारांचा पांढरा पिवळसर ओघळ साठलेला. कापडाने पुसलं, नखाने चाचपलं तर एल्बोच्या आट्यांच्या तोंडापासून आत गेलेली उभी चीर, केसाएवढी. दोन महिन्यांची झोप एवढ्याशा रेघेने उडवली होती. मी तिच्याकडे बराच वेळ बघत बसले.

मग उजेड पडला. हा मिक्सर दोन वर्षांपूर्वी बदलला होता. कोणी? मीच. तेव्हा पाय बसवताना जॉइंटमधून थेंब येत होता म्हणून मी टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळून पान्याने "अजून एक फेरा" दिला होता, चांगला जोर लावून. एल्बो नुसत्या प्लास्टिकच्या आट्यांचा. आटे आत जाताना जाड होत जातात, त्यात टेपचा थर, वरून माझा जोर, प्लास्टिक आतून ताणलं गेलं आणि रोजच्या गरम-गार पाण्याने हळूहळू चिरलं. नवऱ्याला सांगितलं. तो काही बोलला नाही, फक्त वही घेतली आणि तारीख टाकून लिहून ठेवलं. अजून आहे ते पान.

सामान आणताना एक सांगते, कापलेला पाईपचा तुकडा सोबत घेऊन जा. याला अर्धा इंची म्हणतात पण बाहेरून मोजाल तर जवळपास १६ मिलिमीटर भरतो, त्यामुळे मोजपट्टीने मोजून मापं सांगितली की गोंधळ होतो. गरम लाईनचा पाईप सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) असतो, थंड पाण्याच्या साध्या पीव्हीसीचं सोल्युशन (पाईप चिकटवायचं द्रावण) त्याला चालत नाही, त्याचं वेगळं येतं. एल्बो यावेळी आत पितळी आटे असलेला घेतला. कपलर (दोन पाईप सरळ जोडणारा तुकडा) लागणार होता एक, घेतले तीन. हे तीन घेतले म्हणून मी आज हसत लिहितेय.

८ फेब्रुवारी. गीझरचा अँगल कॉक बंद, तो नीट बंद होतो हे टाकीनेच सांगितलेलं. गीझरचं बटण अर्थात बंद, आणि पाणी गार होऊ दिलेलं. मिक्सर काढला, थंड बाजूने तो टाकीखालचा नालायक व्हॉल्व्ह पाणी सोडतच होता म्हणून त्या तोंडाला प्लग (आट्यांचं बूच) मारला. गरम पाईप एल्बोच्या आधी कापला. आत करवत चालवायला जागा नव्हती, नुसतं हॅक्सॉचं पातं एका टोकाला कापड गुंडाळून वापरलं. काप सरळ हवा, कडा ब्लेडने साफ हव्यात, आणि पाईप आतून-बाहेरून कोरडा हवा, एक थेंबसुद्धा सोल्युशन वाया घालवतो. तासभर थांबून काडीला कापूस लावून आतलं पाणी टिपलं.

आणि मग घाई केली. सोल्युशन दोन्हीकडे लावलं, एल्बो घातला, पाव फेरा फिरवून दाबून धरला, सगळं सांगतात तसं, आणि ३० मोजून हात काढला तर एल्बोचं तोंड भिंतीशी काटकोनात नाही, जरा वर बघतंय. हलवायला गेले तर ढिम्म. हे सोल्युशन गोंदासारखं नसतं, ते दोन्ही प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवून एकजीव करतं, दहा-पंधरा सेकंदांनंतर तुमच्या हातात काही राहत नाही. मिक्सरच्या दोन पायांमध्ये १५ सेंटीमीटर अंतर लागतं, ते पाय वाकडे असतात त्यामुळे अंतरातला थोडा फरक फिरवून जुळवता येतो, पण तोंडच तिरकं असेल तर काही इलाज नाही. नवीन एल्बो कापून फेकला. रडू आलं होतं खरं. आता भिंतीतून बाहेर आलेला पाईप चार बोटं उरलेला, म्हणजे अजून एकच संधी. हात धुतले आणि त्या दिवशी काहीच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानातून तसाच एल्बो आणि एक लांब निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला पाईपचा तुकडा) आणला. निपल एल्बोत हाताने फिरवून बसवला, म्हणजे तो काट्यासारखा बाहेर येतो आणि एल्बो किती तिरका आहे ते लांबूनही दिसतं. सोल्युशन न लावता सगळं जोडून बघितलं, निपलवर लेव्हल ठेवून सरळ केलं, आणि प्रत्येक जॉइंटवर पाईप आणि फिटिंग दोन्हींवरून जाईल अशी पेन्सिलची रेघ मारली. मग सुटं केलं, सोल्युशन लावलं आणि रेघेला रेघ जुळवून दाबलं. नवरा पलीकडून बाथरूममध्ये निपल धरून उभा, मी इकडून मोठ्याने आकडे मोजतेय. खिडकी उघडी ठेवा, त्या वासाने डोकं चढतं, आणि जवळपास काही पेटतं नको.

पूर्ण २४ तास पाणी सोडलं नाही. डबीवर वेळ दिलेली असते, थंडीत त्याहून जास्त थांबलेलं बरं. १० तारखेला संध्याकाळी प्लग मारून लाईनमध्ये आधी गार पाणीच सोडलं आणि जॉइंटखाली वर्तमानपत्र पसरलं, कागदावर एक थेंब पडला तरी डाग दिसतो. रात्री अकराला डाग. माझ्या पोटात गोळा. टॉर्च लावून बघितलं तर जॉइंट कोरडे, थेंब प्लगच्या आट्यांतून येत होता, त्याला टेप कमी पडली होती. पुन्हा टेप, नवीन कागद, सकाळी कोरडा. मग मिक्सर बसवला, हाताने जाईल तेवढा घट्ट आणि पान्याने त्यावर दीड फेरा. पुढचा फेरा द्यायला हात शिवशिवत होते, पान्यासकट बाथरूममधून बाहेर आले.

११, १२, १३ फेब्रुवारी, तिन्ही रात्री टाकी शून्य.

भिंत बुजवायची घाई मुद्दाम केली नाही. तीन आठवडे भोक उघडं, समोर पंखा. मार्चच्या मध्यात खालच्या ओलीवर फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवला, दोन दिवसांनी बघितलं तर भिंतीकडच्या बाजूने वाफ धरलेली, म्हणजे आत अजून पाणी आहे. पांढरे क्षार कोरड्या ब्रशने झाडायचे, पाण्याने धुतले तर विरघळून परत आत जातात. ४ एप्रिलला प्लास्टिक आतून कोरडं निघालं तेव्हा खालचं प्लास्टर केलं, आणि ते वाळल्यावर महिनाअखेरीस रंग. मिक्सरमागच्या भोकात मात्र विटा घातल्याच नाहीत, चौकट करून चार स्क्रूचं प्लायचं झाकण लावलंय, त्याच रंगाचं. दिसायला बरं नाही असं एका पाहुण्यांनी सांगितलं. चालेल.

खर्च म्हणाल तर त्या प्लंबरच्या आकड्याच्या बाराव्या हिश्श्याच्या आसपास, त्यातला निम्मा एपॉक्सी ग्राउटचा. कार्यालयात दुरुस्तीचे फोटो आणि सामानाच्या पावत्या लावून तिसरा अर्ज केला होता, बिलात सूट मिळाली नाही पण तीन हप्ते करून दिले. दोन भरून झालेत. एप्रिलचं बिल १४ युनिट.

सासूबाईंचा पलंग परत जागेवर गेला. परवा सकाळी चहा द्यायला गेले तर म्हणाल्या, भिंत चांगली झाली हो, पण आता पाठीला फार गार लागते. शेकायची रबरी पिशवी आणून दिलीय. तिच्या झाकणालाही मी जरा जास्तच पीळ देते म्हणून ती आता नवरा भरतो.